राजाचा लोखंडी हात आणि चार बोटांची सुरी

एका राज्यात, जिथली नदी उताराला न जुमानता मनाला येईल तिकडे वाहे, तिथे अरिमर्दन नावाचा राजा होता. नाव अरिमर्दन, पण अरी कोणी नव्हता. शेजारची राज्ये आपापल्या उद्योगात होती. तलवार मात्र होती, आणि ती फार देखणी होती.

राजाला एक धाकटी बहीण. तिचे नाव कुंदलता. ही अशी दचकरी की पाल चुकचुकली की हातातली वाटी खाली पडे, आणि वाटी वाजली की त्या आवाजाने पुन्हा दचके. दासी आत येताना दारातूनच म्हणत, "ताईसाहेब, मी आहे हं, मीच आहे." तरीही ती दचकायची ती दचकायचीच.

त्या राज्यात एक जुनी चाल होती. खंडेनवमीला राज्यातले धारेचे झाडून सारे लोखंड एका पाटावर मांडायचे. राजाची तलवार, तिच्याशेजारी कुणब्याचा विळा, न्हाव्याचा वस्तरा, मोच्याची रापी, मुदपाकखान्यातली विळी. सगळ्यांना एकेक झेंडू, सगळ्यांना हळदकुंकू. मग राजाने तलवार उपसून कोहळा चिरायचा, कोहळ्याचा रस पात्याला लावायचा आणि तलवार म्यान करायची. कारण उपसलेले पाते कोरडे म्यानात जाऊ नये, असा तिथला नियम. रक्त नको म्हणून कोहळा. पूर्वजांनी मोठ्या शहाणपणाने लावून दिलेली रीत ती.

एका वर्षी राजाच्या डोक्यात वारे शिरले. तो म्हणाला, "पाटावर फक्त शस्त्रे मांडा. विळ्या-कोयत्यांचा बाजार नको."

विळे-कोयते आपापल्या घरी राहिले. पाटावर तलवारी चमकू लागल्या. तेवढ्यात धार लावणारा एक म्हातारा खांद्यावर सहाणेचे चाक घेऊन दरबारात शिरला आणि त्याने राजाच्या तलवारीला लागून एक सुरी ठेवली. पाते चार बोटांचे, मूठ लाकडाची. ना नक्षी, ना रत्न.

राजा म्हणाला, "हे काय आहे?"

"सुरी, महाराज."

"ही काय कापते?"

"लागेल ते."

"शत्रू कापते काय?"

"शत्रू रोज कुठे भेटतो, महाराज? दोरी रोज लागते."

दरबार हसला. त्या हसण्याने राजाला आणखी चेव आला. त्याने तलवार उपसली, टोकाने सुरी उडवली, आणि सुरी थेट दाराबाहेर धुळीत जाऊन पडली. म्हाताऱ्याने ती उचलली, अंगरख्याला पुसली. पुसता पुसता तो वाढत गेला. त्याचे डोके छताला टेकले तेव्हा लोकांनी ओळखले, हा लोहटंक मांत्रिक, डोंगरापलीकडच्या लोखंडी गुहेचा धनी.

तो म्हणाला, "मांस कापणारी पाती तेवढी तू पाटावर घेतलीस. ठीक आहे. आजपासून तुझ्या राज्यातली पाती मांसच कापतील, दुसरे काही नाही. आणि राजा, तलवार उपसलीस ना? आता म्यान करून दाखव."

राजाने घाईघाईने कोहळ्यावर घाव घातला. तलवार कोहळ्यावरून मोरपिसासारखी घसरली. दुसऱ्यांदा उगारलेला हात मात्र वरच राहिला. बोटे मुठीला चिकटली, आणि बोटांचे लोखंड झाले.

"उपाय!" प्रधान ओरडला. "महाराज मांत्रिक, उपाय!"

लोहटंक म्हणाला, "माझ्या गुहेत हजार पाती आहेत. येईल त्याने उचलून पाहावीत, पण बाहेर एकच न्यावे. वनातून रोज अंगावर वागवावे असे पाते त्याने निवडावे, वाटेवर त्याच्याकडून तीन कामे करून घ्यावीत, आणि रक्ताचा थेंब न चाखवता ते इथे आणून त्याने कोहळा चिरावा. त्या कोहळ्याचा घास या तलवारीला मिळाला की सारे सुटेल. निवड चुकली तर निवडणारा लोखंड. आणि लोखंड राजाच्या काळजाला पोहोचले, तर मग उपाय माझ्याकडेही नाही."

एवढे बोलून तो लहान झाला, चाक खांद्यावर घेतले आणि दाराने, इतर माणसे जातात तसा, निघून गेला.

पुढे त्या राज्याचे जे झाले ते काय सांगावे! शेतात जोंधळा उभा, पण विळा त्याच्यावरून नुसता गुदगुल्या करून जाई. सुताराची करवत लाकडावर सरके आणि लाकडाला ओरखडाही उठत नसे. न्हाव्यांनी हात टेकले, आणि प्रधानाची दाढी पालखीबाहेर लोंबू लागली. मुदपाकखान्यात भागाक्का नावाची मुख्य आचारीण होती. ती वांगी गुडघ्यावर आपटून फोडी आणि मांत्रिकाला शिव्या देई. चिरली जात ती बोटे तेवढी. म्हणून बायकांनी विळ्या आडव्या पाडून त्यांच्यावर परड्या पालथ्या घातल्या.

आणि राजाच्या हातावरून लोखंड चढत होते. मनगट झाले, कोपर झाले. उगारलेला हात खाली येईना, तेव्हा राजा बसल्या बसल्याच झोपे, आणि त्याला घास भरवायला माणूस डाव्या बाजूने येई. उजवीकडे जायला कोणी धजत नसे.

पहिल्याने सेनापती गेला. तो परतला नाही. मग खजिनदार गेला, तोही परतला नाही. मग राजज्योतिषी मुहूर्त पाहून गेला, त्याचा मुहूर्त चुकला असावा. लोखंड खांद्याला टेकले, आणि जायला कोणी उरले नाही.

तेव्हा कुंदलता भावापुढे उभी राहिली. "दादा, मी जाते."

राजाने डोळे विस्फारले. "तू? कुंदा, मांजर शिंकले तर तू खांबाआड लपतेस."

"लपते. पण नंतर बाहेर येतेच ना."

"मी तुला पाठवणार नाही."

"मला धरायला तुला एकच हात मोकळा आहे," कुंदलता म्हणाली, आणि बोलून झाल्यावर आपणच घाबरली. राजाला हसू आले. लोखंड चढू लागल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता.

भागाक्काने तिला भाकरी बांधून दिली, लसणाची चटणी दिली, पदराच्या गाठीत गारगोटी आणि कापूस दिला. वेशीपर्यंत पोहोचवायला आली आणि म्हणाली, "ताईसाहेब, दचकलात तर दचका. पण खाऊन घेत चला."

वन लागले. कुंदलता पहिल्याच झाडाखाली थबकली. पानापानांत काहीतरी हलत होते. एवढ्यात डोक्यावर टक् टक् टक् झाले, आणि ती मटकन खालीच बसली.

"उठ राजकन्ये, मी सुतारपक्षी," वरून आवाज आला. "माझे नाव काष्ठकूट. तुझ्याआधी तिघे या वाटेने गेले. त्यांतला एकही दचकला नाही."

"ते कुठे आहेत?"

"गुहेच्या तोंडाशी उभे आहेत. सेनापतीच्या शिरस्त्राणात बुलबुलाने घरटे केले आहे. चांगले घर आहे, गळत नाही."

कुंदलता झाडाला धरून उठली. "मग माझे काय होणार? मला शस्त्रातले काही कळत नाही."

"तुला कसली भीती वाटते?"

"सगळ्याची."

"सगळ्याची कोणालाच वाटत नाही. एकेक सांग."

कुंदलता सांगू लागली. पायात वेल अडकेल याची भीती. थंडीत विस्तव पेटणार नाही याची. अंधाराची तर आहेच. जड वस्तू वाहून खांदा भरून येईल आणि ती कुठेतरी टाकून द्यावी लागेल याची. धारेचे काही कमरेला असले तर धावताना पडून आपल्यालाच लागेल याची. ओढ्यावर वाकले की ते पाण्यात पडेल याची. आणि हवे तेव्हा ते हाताला सापडणार नाही, याची तर सर्वांत जास्त.

सुतारपक्ष्याने मान वाकडी करून सारे ऐकून घेतले. मग म्हणाला, "ते तिघे लढाई मनात धरून आत गेले. तू ही भये घेऊन आत जा. हाती येईल त्या पात्याला एकेक भय दाखव आणि ते काय करते ते बघ. आणि माझी चोच पाहून ठेव. राजहंसासारखी नाही. आखूड आहे, जाड आहे, मुळाशी पक्की आहे. पण रोज माझ्याजवळ असते."

"तुम्ही आत येणार नाही?"

"आत लोखंडाखेरीज काही उडत नाही. मी बाहेर थांबतो."

लोखंडी गुहा आली. दारात सेनापती, खजिनदार, ज्योतिषी, तिघेही लोखंडाचे. हातात आपापली निवड. कुंदलतेने तिघांना नमस्कार केला आणि डोळे मिटून आत पाऊल टाकले.

पहिल्या दालनात तलवारी होत्या. खांबांना टेकलेल्या, छताला टांगलेल्या, जमिनीत उभ्या रोवलेल्या. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "आम्हाला घे. सारे तुला भितील."

कुंदलतेने त्यांतली सर्वांत हलकी कमरेला लावली आणि खाली बसून पाहिले. म्यानाचे टोक दगडावर खण्णकन आपटले, मूठ बरगडीत रुतली. ओंजळीने पाणी प्यायला वाकल्यासारखे केले, तर तलवार पायांत आली. चार पावले धावली आणि पाचव्याला तोंडावर पडली. तिने तलवार सोडली, जागेवर ठेवली आणि म्हणाली, "सारे मला भितील, पण मी जेवायला बसणार कशी?"

हा प्रश्न तलवारींना कोणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दालनात चतुर पाती होती. एक चाकू तिच्या तळहातावर कमळासारखा उमलला. त्यातून करवत निघाली, कात्री निघाली, आरी, सांडशी, कानकोरणे, आणि आणखी कितीतरी. कुंदलता हरखली. पण मिटायला गेली तर एक आत जाई तेव्हा दुसरे बाहेर येई. दोरी कापायचे पाते कोणते, हे आठवेपर्यंत वाघ जेवून, हात धुऊन, विडा खाऊन गेला असता. तिने तो तसाच अर्धवट उमललेला ठेवून दिला.

दुसरा म्हणाला, "राजकन्ये, माझी मूठ पिळून उघड." तिने उघडली. मूठ आतून पोकळ, आणि पोकळीत सुया, दोरा, मासे धरायचा गळ, गारगोटी, बोटाएवढे लोहचुंबक. घाबरट माणसाला याहून मोठा खजिना कोणता! कुंदलतेने तो छातीशी धरला. मग तिला आपले भय आठवले. तिने पाते एका ओंडक्यात खुपसले आणि जरासे पिळले. ते मुठीत, सहा वर्षांच्या पोराच्या दातासारखे, हलले. मुठीत पोकळी, म्हणजे पाते आत बोटभरच गेलेले. ती हळहळली, पण ठेवून दिला.

तेव्हा दालनाच्या मधोमध एक कट्यार आपल्या आपण उभी राहिली. दोन्हीकडे धार, मुठीवर पाचू, पाते नागासारखे वळणदार. ती हळू आवाजात म्हणाली, "कुंदलते, मला कमरेला लाव. पुन्हा कधी दचकणार नाहीस."

कुंदलतेने कट्यार घेतली. खरेच, छातीतली धडधड थांबली. गुहा काळोखी राहिली नाही, फक्त गुहा राहिली. तिला वाटले, लोक असे जगतात तर! असे, सरळ उभे राहून! ती दाराकडे वळलीसुद्धा.

वळता वळता तिने भाकरीच्या गाठोड्याला बांधलेल्या सुतळीचे टोक कापून पाहावे म्हणून पात्याच्या पाठीवर अंगठा ठेवायला नेला. पाठच नव्हती. तिकडेही धार. अंगठा केसाच्या अंतरावर थांबला. जे पाते कुठूनच धरता येत नाही, ते दोरीसाठी नाही, लाकडासाठी नाही. ते एकाच कामासाठी आहे. आणि ज्याला दचका बसत नाही, त्याचा हात मध्ये थांबतही नाही. दादाचा थांबला नव्हता.

तिने कट्यार खाली ठेवली. धडधड लगेच परत आली. डोळे भरून आले होते, तशीच ती तिसऱ्या दालनात शिरली.

तिसऱ्या दालनात काही नव्हते. धूळ होती, आणि एका कोनाड्यात चार बोटांची एक सुरी. ती काही बोलली नाही.

कुंदलतेने धूळ फुंकली, आणि त्या धुळीने शिंक आली म्हणून दचकली. मग पाहू लागली. पात्याची पाठ जाड आणि चौकोनी, अंगठा नीट बसेल अशी. धार एकाच बाजूला. मुठीच्या लाकडावर टोकाशी एक लांब ओरखडा होता, आणि ओरखड्यातून लोखंड चमकत होते. म्हणजे पाते मुठीच्या पार शेवटापर्यंत गेलेले! तिने मागच्या दालनात जाऊन त्याच ओंडक्यात खुपसून पिळले. ओंडका कुरकुरला, सुरी नाही. म्यान चामड्याचे, तोंडाशी एक वादी, वादीला शिंगाची गुंडी. गुंडी लावून तिने म्यान उलटे धरले, झटकले. सुरी आतच. अंगठ्याने गुंडी सोडली, एका हाताने सुरी आली. डोळे मिटून केले, तरी आली.

मग तिने ती कमरेला लावली आणि बसली, उठली, वाकली. दालनभर धावून आली. थांबली आणि घाबरून कंबर चाचपली, कारण कमरेला काही आहे हेच ती विसरली होती. सुरी होती. जागच्या जागी होती.

कुंदलतेने मोठा श्वास सोडला. गुहेत शिरल्यापासूनचा पहिला.

दारात लोहटंक उभा होता. "हजार पात्यांतून हे?"

"हे."

"का?"

"हे लावून मला बसता येते."

मांत्रिक पोट धरधरून हसला. "इतक्या वर्षांत बसण्याचा विचार करणारी तूच पहिली. जा मुली. तू लोखंड झाली नाहीस, एवढ्यावरून ओळख. पण तीन कामे आहेत. थेंब सांडला, तुझा किंवा कोणाचा, तर तुझाही हात त्या हातासारखा."

सुतारपक्षी तिच्या खांद्यावर येऊन बसला आणि दोघे निघाले. परतीची वाट मात्र येतानाची राहिली नव्हती.

वाटेत एक वेल श्वास घेत होती. तिने हरिणीच्या एका पाडसाला गळ्याशी आवळले होते, आणि पाडसाचे डोळे पांढरे होत होते. वेल आणि गळा यांच्यामध्ये एका बोटाची फट. तिथे तलवार गेली असती तर गळाही गेला असता. तिने गुंडी सोडली, पाठ गळ्याकडे आणि धार वेलीकडे करून सुरी त्या फटीत सरकवली आणि बाहेर ओढली. वेल किंचाळली आणि तुटली. कुंदलताही किंचाळली. पाडस दोघींकडे एकदा बघून पळाले.

"एक," सुतारपक्षी म्हणाला. तिने सुरी पदराला पुसली, म्यानात घातली, गुंडी लावली.

पुढे धुक्याची खिंड आली. तिथे थांबेल त्याचे दंव होते, आणि न थांबता ती ओलांडणे कोणाला जमत नाही. विस्तव असेल तरच मुक्काम करावा, पण लाकूड सारे चिंब. पक्ष्याच्या पिसांवर दंव धरू लागले. तो म्हणाला, "राजकन्ये, मला आता माझे पाय वाटत नाहीत. तुटले असतील तर आत्ताच सांग, नंतर नको."

"आहेत, आहेत!" कुंदलता म्हणाली. तिने एक ओली फांदी उभी धरली, तिच्या डोक्यावर सुरी टेकवली आणि दुसऱ्या दांडक्याने सुरीच्या जाड पाठीवर ठोके घातले. फांदी उभी चिरली. पुन्हा चिरली. ओली साल बाहेर राहिली आणि आतला गाभा निघाला, कोरडा ठणठणीत. गाभ्याचा तिने बारीक कीस काढला, पदराच्या गाठीतला कापूस त्याखाली ठेवला आणि सुरीची पाठ गारगोटीवर ओढली. ठिणगी पडली. ठिणगीला ती दचकली, पण कापूस पेटला.

दोघांनी भाकरी शेकून खाल्ली. पक्ष्याने चटणी चाखली आणि बराच वेळ चोच उघडी ठेवून बसला.

"दोन," शेवटी तो म्हणाला.

खिंड उतरली, वन विरळ झाले. राज्याची वेस दिसू लागली. तिसरे काम काही येईना. आता कुंदलतेला न आलेल्या कामाचीच भीती वाटू लागली. दोन्हीकडे उंच गवत, मध्ये पाऊलवाट. सुतारपक्षी पुढे उडाला. आणि मागून गवत फाडत, धापा टाकत काहीतरी जड आले, आणि त्याचा पंजा तिच्या खांद्यावर पडला.

कुंदलता दचकली. आयुष्यात दचकली नव्हती तशी दचकली. डोके तिथे नव्हतेच, हात होता. हात कमरेला गेला, मूठ हाताला लागली, तिने हिसडा मारला.

गुंडी लावलेली होती.

वादीने सुरी धरून ठेवली. अंगठा गुंडी शोधू लागला. गुंडी सोडायला लागतो एवढाच तो वेळ. तेवढ्या वेळात मागून आवाज आला, "अहो ताईसाहेब, मी! मी भागाक्का!"

कुंदलतेने मागे वळून पाहिले. भागाक्का होती. घामाघूम, केसांत कुसळे, काखेत भाकरीचे गाठोडे. तिचे पोट सुरीच्या मुठीपासून वीतभर अंतरावर होते.

कुंदलता तिच्या गळ्यात पडून रडू लागली.

"अगं बाई, रडायला काय झाले? मीच ना?" भागाक्का तिच्या पाठीवर थोपटत म्हणाली. "वेशीवर एक धार लावणारा भेटला, म्हणाला, ताईसाहेब उपाशी आहेत, मागून जाऊन गाठ. चला लवकर. महाराजांच्या छातीला लागलेय लोखंड. बोलताना आवाज भांड्यासारखा येतोय."

गवतातून कोणीतरी हळूच म्हणाले, "म्यानात थांबली. तीन." पण सुतारपक्षी तर पुढच्या झाडावर होता आणि त्याची चोच मिटलेली होती.

दरबार भरलेला होता. दाढ्या वाढलेले सरदार, फाटक्या कडांचे अंगरखे. मधोमध राजा, उगारलेला हात, हातात तलवार. छातीवर काळे लोखंड काळजापासून दोन बोटांवर. "कुंदा," तो म्हणाला, आणि घंगाळ वाजल्यासारखा आवाज आला.

"बोलू नकोस, दादा. भागाक्का, कोहळा!"

भागाक्काने मुदपाकखान्यातला सर्वांत मोठा कोहळा आणला. दोन माणसांनी उचलावा असा, राखाडी, टणक. कुंदलतेने त्याच्यावर चार बोटांची सुरी ठेवली. कोणीतरी मागे पुटपुटले, "एवढ्याने?"

"वरवंटा द्या," कुंदलता म्हणाली.

तिने सुरीच्या पाठीवर वरवंट्याचा ठोका घातला. पाते रुतले. दुसरा घातला. मूठ हलली नाही. तिसऱ्याला कोहळा कडाड्कन दुभंगला, दोन्ही फाका दोन बाजूंना डोलत पडल्या, आणि दरबारात कोहळ्याचा गार वास पसरला. किती दिवसांत त्या राज्यात काही चिरले गेले नव्हते! भागाक्काने डोळ्यांना पदर लावला.

कुंदलतेने रस ओंजळीत घेतला. चौरंगावर चढली. उगारलेल्या तलवारीच्या उजव्या बाजूला, जिथे कोणी जात नसे तिथे, उभी राहिली आणि मुठीपासून टोकापर्यंत पात्याला रस लावला. "घे," ती म्हणाली, "तुझा घास."

तलवार थरथरली. राजाची बोटे आधी पांढरी झाली, मग गुलाबी. मूठ सुटली. तलवार फरशीवर पडली, आणि असा खणखणाट झाला की कुंदलता दचकून चौरंगावरून थेट भावाच्या अंगावर पडली. राजाने तिला दोन्ही हातांनी झेलले.

दोन्ही हातांनी! त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले, बोटे मिटली, उघडली. लोखंड छातीवरून, दंडावरून, गंज झडावा तसे झडून खाली पडत होते. बहिणीच्या केसांवरून तो हात फिरवत राहिला.

मग त्याचे लक्ष सुरीकडे गेले. मुठीच्या टोकाशी ओरखडा. तलवारीच्या टोकाचा. "ही तीच," तो म्हणाला, आणि मान खाली घातली.

त्याच घटकेला राज्यात जिकडे तिकडे आवाज सुरू झाले. शेतात विळे सरसरले. सुताराची करवत बोलू लागली. न्हाव्यांपुढे रांगा लागल्या, आणि प्रधानाची दाढी उतरली तेव्हा ती वाहून न्यायला हमाल लागला. घराघरांतून विळ्यांवरच्या परड्या निघाल्या, कांदे चिरले गेले, आणि सारे राज्य एकदमच रडू लागले. संध्याकाळी सेनापती, खजिनदार आणि ज्योतिषी चालत परत आले. सेनापतीने शिरस्त्राण काढले नव्हते. म्हणाला, "पिल्ले उडेपर्यंत काढणार नाही."

राजाने खंडेनवमीची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच सकाळी पाट मांडला. तलवार, विळा, वस्तरा, रापी, विळी, आणि सर्वांच्या मध्ये ती सुरी. सगळ्यांना झेंडू, सगळ्यांना हळदकुंकू. दारात धार लावणारा एक म्हातारा चाक टेकून बसला होता. भागाक्काने त्याला पोटभर शिव्या दिल्या आणि मग भरल्या वांग्याची भाजी वाढली. वांगी छान चार फाकांत चिरलेली होती.

कुंदलता पुढेही दचकत राहिली. पालीला, वाटीला, मांजराच्या शिंकेला. पण ती रोज वनात फिरायला जाऊ लागली. सुतारपक्षी पुढे, ती मागे, कमरेला सुरी आणि सुरीला गुंडी लावलेली.

तर ऐकणाऱ्या लोकांनो, तुमच्या पात्याला रोज भाकरीचे काम मिळो, घरात एक कोहळा शिलकीत असो, आणि दचकणाऱ्या प्रत्येक हाताला गुंडी सोडण्याइतका वेळ मिळो.